रंगवलेली बटणे

जुळे सोलापूर,
रविवार, २२ फेब्रुवारी २०२६

श्री. सुबोध यांस,

तुम्हांला पत्र लिहिण्याचा अधिकार मी स्वतःच्या हाताने गमावला आहे, याची मला पूर्ण जाणीव आहे. साखरपुडा होऊन दोन महिने उलटल्यावर जिने अंगठी परत पाठवली आणि कारण विचारले तेव्हा ‘मला अजून शिकायचे आहे’ एवढ्या चार शब्दांवर तुमच्या घरच्यांची बोळवण केली, तिचे पत्र न वाचता पुसून टाकणे तुम्हांला शोभूनच दिसेल. तरीही लिहिते आहे. या आगाऊपणाची क्षमा असावी. दोनदा फोन करून पाहिला. तो लागत नाही. लागला असता तरी मला बोलता आले नसते, हे तुम्ही जाणताच.

आज घरात सण असल्यासारखे वातावरण आहे. दादा ज्या विमानाची तीन वर्षे वाट पाहत होता, त्याची तारीख अखेर जाहीर झाली: गुरुवार, १२ मार्च. गेल्या उन्हाळ्यात येणार होते, मग दिवाळीत, मग संक्रांतीला. तुम्ही प्रत्यक्षात जे विमान उडवता तेच, घरच्या संगणकावर. प्रत्येक बटण दाबले जाणारे, प्रत्येक दिवा खरोखर लागणारा. रविवारची बँकेला सुट्टी, म्हणून दादाने सकाळीच बाहेर जाऊन पाव किलो पेढे आणले. आई म्हणाली, “कुणाला पोरगं झालं?”

“विमान झालं, आई. चाळीस जीबीचं.”

“मग बारशाला सुबोधला बोलवायचा होतास,” असे ती बोलून गेली आणि लगेच स्वयंपाकघरात निघून गेली. दादाने माझ्याकडे पाहिले नाही. तुमचा विषय निघाला की आमच्या घरात सगळे एकमेकांकडे न पाहता बोलतात.

मला मात्र त्या तारखेची धास्ती वाटते. ते विमान आमच्या घरी एकदा येऊन गेले आहे आणि त्या दिवशी काय झाले ते तुम्ही, दादा आणि मी असे तिघे जाणतो. निदान तुम्हां दोघांना तसे वाटते. खरे म्हणजे ते मी एकटीच जाणते.

आज येथेच थांबते. हे पत्र केव्हा पाठवीन, ते अजून ठरलेले नाही.


रविवार, १ मार्च २०२६

आठवडाभर पुढची ओळ सुचली नाही. दहावीला तालुक्यात पहिली आलेली मुलगी निबंधाची दुसरी ओळ लिहू शकत नाही, यावर तुम्ही एखादी कोटी केली असती.

आधी सोपे ते लिहिते. तीन वर्षांपूर्वी तुम्ही मोडनिंबहून येथे खोली घेऊन वैमानिकाच्या परीक्षांचा अभ्यास करत होता आणि संध्याकाळी दादाकडे येत होता. मागच्या खोलीत संगणक, त्यापुढे दोन खुर्च्या, आणि मी कपाटाला टेकून उभी. तेव्हाचे विमान फुकटातले होते. त्याची मोजकी बटणे चालत. डोक्यावरच्या पट्टीवरची बाकीची नुसती रंगवलेली होती. पहिल्याच दिवशी तुम्ही त्यांतल्या एकावर चार वेळा टिचकी मारलीत, तेव्हा दादा म्हणाला होता, “अरे फोटो हाय तो! फोटोला गुदगुल्या करून काय उपयोग? ‘झालं’ म्हण आणि चल पुढं.”

तुम्ही “झालं” म्हणालात आणि पुढे गेलात.

यादी वाचण्याचे काम माझ्याकडे आले, कारण माझे उच्चार स्पष्ट होते. एकाने वाचायचे, दुसऱ्याने त्या बटणाकडे पाहायचे, हात लावायचा आणि मग उत्तर द्यायचे, अशी ती रीत. मी इतकी जपून वाचत असे की तुम्ही म्हणायचात, “आकाशवाणीचं सोलापूर केंद्र! उत्कर्षाबाई विमानाच्या बातम्या देत आहेत.” मी हसत असे, पण मान खाली घालून. त्या सगळ्या काळात वाचताना मी एकदाही डोळे वर केले नाहीत. कागदावर अक्षरे होती आणि वर तुम्ही होता; कागद सोपा होता. हे लिहिताना आजही माझे कान तापले आहेत.

सुरुवातीला तुम्ही उत्तरांवर अडत होता. आपण दोघेही मराठी शाळेतले. इंग्रजीतली यादी तुम्हांला परकी वाटे. म्हणून मी ती मराठीत उतरवली. बासष्ट ओळी, प्रश्न काळ्या शाईने, उत्तर लाल शाईने. तुम्ही अडलात की लाल शब्दही मीच हळूच म्हणत असे. पुढे पुढे तर अडण्याची वाट न पाहताच. “केबिनचा दाब?” असे विचारून मी त्याच श्वासात “ऑटो” म्हणे, मागोमाग तुम्ही “ऑटो” म्हणत असा, आणि आपण एका सुरात पुढच्या ओळीवर जात असू. मला तो सूर फार आवडत असे. त्या दिवसांतले तेवढेच माझ्याजवळ आहे.


शनिवार, ७ मार्च २०२६

आज दुपारी तुमच्या आईंचा फोन आला. अनोळखी क्रमांक म्हणून उचलला.

“उत्कर्षे, रुक्मिणीकाकू बोलतीय. फोन ठिवू नगं गं, रागवाया न्हाय केला.”

मी “बोला काकू” म्हटले.

“शिकायचं म्हनलीस, शीक की. माजा राग न्हाय. पर तुला सांगितल्याबिगर ऱ्हावंना. पंधरा तारखंला, ऐतवारी, सुबोध पैल्यांदाच मागं मास्तर न बसवता इमान उडवनार हाय. सकाळी सातला, हैदराबादवरनं. आन त्याच इमानात मी बसनार! त्याचं काका, नारायणभावजी बी हायती. शनवारी दुपारच्या यष्टीनं जायाचं, आन वर जायाचं लेकाच्या इमानानं. कानात कापूस घालू का गं? तू वाचल्यालं असशील.”

मी म्हटले, घाला. त्या खूप हसल्या. म्हणाल्या, “कापूस घातला तर लेकाचा आवाज कसा ऐकू येईल? त्यो माइकवर बोलनार हाय म्हनं.”

मग त्यांनी जे सांगितले, त्यामुळे हे पत्र पाठवावेच लागेल असे मला प्रथम वाटले.

“तुजा त्यो कागूद अजून हाय त्याच्यापाशी. पलास्टिकात घालून बॅगंत ठिवलाय. तुज्यावर चिडला, अंगठी कपाटात टाकली, पर कागूद न्हाय टाकला. गेल्या म्हैन्यात घरी आलता तवा पडवीत खुर्ची टाकून म्हनत हुता, देवाचं म्हनल्यागत. सवाल बी त्योच, जबाब बी त्योच. समदा पाठ हाय.”

मी विचारले, “काकू, म्हणताना डोळे उघडे होते का मिटलेले?”

“मिटलेलंच की! पाठ असल्यावर डोळं कशाला लागत्यात?”

आईने बाहेरून विचारले, कोणाचा फोन. मी म्हटले, ग्रंथालयाचा. पुस्तक परत करायचे राहिले आहे.


मंगळवार, १० मार्च २०२६

आता अवघड ते.

गेल्या वर्षी ८ जूनचा रविवार आठवा. साखरपुड्याला सात दिवस होते. दादाला त्या नव्या विमानाची चाचणीची प्रत मिळाली होती; बाजारात येण्याआधी जगभरातल्या थोड्या लोकांना ती देऊन दोष शोधायला सांगतात. तुम्ही डाव्या खुर्चीत, दादा उजव्या, मी कपाटाशी, हातात तोच काळा-लाल कागद. तुम्ही दोघे लहान मुलांसारखे हरखला होता. “हे पण दाबतंय! अरे, हे पण!”

मी यादी वाचली. सतराव्या ओळीवर “केबिनचा दाब” म्हटले, “ऑटो” म्हटले. तुम्ही “ऑटो” म्हणालात. आपण उड्डाण केले.

काही मिनिटांनी भोंगा वाजू लागला. तुम्ही म्हणालात, “हा तर जमिनीवरचा भोंगा, हवेत का वाजतोय?” दादा म्हणाला, “चाचणीचा माल हाय, वाजू दे की.” विमान वर जात राहिले. मग पडद्याच्या कडा करड्या होऊ लागल्या. आधी आकाशाचा निळा रंग गेला, मग दिव्यांचा हिरवा, शेवटी तुमच्यासमोरच्या काट्यांचा पांढरा. “ग्राफिक कार्ड तापलं वाटतं,” म्हणून दादाने पंखा संगणकाकडे वळवला. पडदा काळा झाला. भोंगा तेवढा वाजत राहिला. “गेलं!” असे म्हणून तुम्ही हसलात, आणि आईने चहासाठी हाक मारली.

उड्डाणाअखेर ते विमान एक नोंद लिहून ठेवते: कोणत्या बटणाला केव्हा हात लागला. चहाला न जाता मी ती वाचली. वाचण्याचीच सवय, पाहण्याची नव्हती. केबिनचा दाब: सुरुवातीस मॅन्युअल, अखेरीस मॅन्युअल, स्पर्श शून्य. तो खटका मॅन्युअलवर राहिला की विमान वर जाताना आतली हवा आपोआप राखली जात नाही, विरळ होत जाते; जमिनीवर दुसऱ्या चुकीला वाजणारा तोच भोंगा हवेत याचा इशारा देतो. दुरुस्तीतून आलेल्या विमानात कारागीर कधीकधी तो खटका मॅन्युअलवर विसरतात. म्हणून ते बनवणाऱ्यांनी अधूनमधून विमान तसेच हाती देण्याची योजना केली होती. यादीतील सतरावी ओळ नेमकी त्यासाठीच असते.

दादाने मला दोष कळवायला सांगितले. त्याची इंग्रजी पत्रे मीच लिहिते. गुरुवारी उत्तर आले. त्याचा आशय असा: “हा दोष नाही. खरे विमान असेच वागले असते. आपल्या उड्डाणात अकराव्या मिनिटानंतर विमानातील एकही माणूस जागा राहिला नसता. त्यांना गुदमरल्यासारखे वाटले नसते. केवळ झोप आली असती.”

दादाने विचारले, “काय म्हणतायत?”

मी म्हटले, “पुढच्या आवृत्तीत सुधारतो म्हणतात.”

तिसऱ्या दिवशी साखरपुडा होता. तुमच्या घरची बारा माणसे यायची होती, आईने भांडी मागवली होती. नवऱ्या मुलाचा दोष मुलीने अक्षता पडण्याआधीच काढला, असे झाले असते. शिवाय मी स्वतःला समजावले की तो खेळ आहे. तुम्ही अंगठी घातलीत तेव्हा माझा हात थंड होता, तुम्ही कानाशी म्हणालात, “घाबरू नका, लँडिंग मऊ होईल.” ते वाक्य मला झोपेतही ऐकू येत असे. मी अंगठी परत केली, कारण तुमच्यासमोर बसून रोज गप्प राहणे मला जमले नसते आणि बोलणे तर त्याहून नाही. शिकायचे होते, हे खोटे नव्हते. पण ते कारण नव्हते.

प्रशिक्षणात तुम्हांला उत्तम शेरा मिळाला, हे दादाने सांगितले. त्यावर मी कित्येक महिने निर्धास्त राहिले. पण पहिला क्रमांक कसा येतो हे माझ्याइतके कोणाला ठाऊक असणार? परीक्षक मागे बसलेला असताना मी कधीही चुकले नाही. तो उठून गेल्यावर, थकलेले असताना, हात आपोआप काय करतो ते कोणत्याही गुणपत्रिकेत येत नाही. तुमच्या शेजारी अनुभवी कॅप्टन असेल, हेही मी मनाला सांगून पाहिले. शेजारी तर दादाही होता. मीही होते.


शनिवार, १४ मार्च २०२६

विमान गुरुवारी आले. आमच्या इंटरनेटवर ते उतरायला कालची संध्याकाळ झाली. आज दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी. दादाने सकाळी आंघोळ करून संगणकाची पूजा मांडली. नवे वाहन आहे ना! आईने पेटीला हळद-कुंकू लावले, स्वस्तिक काढले आणि हातात लिंबू घेऊन विचारले, “अभिमन्यू, ह्याला चाकं कुठं हायत? लिंबू ठेवू कुठं?”

“माउसखाली ठेव.”

कितीतरी महिन्यांनी आम्ही तिघे एकत्र हसलो.

मग मी दादाला म्हटले, “आज तू वाच. मी खुर्चीत बसते.” तो चकित झाला. मूळ कागद तुमच्याकडे; माझ्या वहीत त्याची प्रत होती. मी ठरवून बसले होते की प्रत्येक बटणाकडे पाहीन, हात लावीन आणि मगच उत्तर देईन. पंधरा ओळी मी तशा केल्या. मग दादाचा आवाज त्या जुन्या सुरात शिरला, मीही शिरले. थोड्या वेळाने तो थांबला.

“काय गं, मी अजून ‘केबिन’च म्हणतोय, आणि तू ‘ऑटो’ म्हणून मोकळी?”

मी वर पाहिले. खटका मॅन्युअलवर होता.

सुबोध, मी नऊ महिने समजत होते की मी तुमची चूक झाकते आहे. ती चूक माझी होती. रंगवलेल्या बटणांनी तुम्हांला न पाहता उत्तर द्यायला शिकवले असेल, पण प्रश्नासोबत उत्तर मी दिले. शाळेत शेजारच्या मुलीला उत्तर सांगावे आणि तिचेही बरोबर आले म्हणून आनंद मानावा, तसे मी केले. त्या यादीने तुम्हांला आजवर काहीच विचारलेले नाही. आणि तोच कागद प्लास्टिकमध्ये घालून तुम्ही बॅगेत बाळगता.

मी दादाला सगळे सांगितले: नोंद, उत्तर, माझे खोटे. त्याने खुर्ची मागे ढकलली. माउसखालचे लिंबू काढून बाजूला ठेवले.

“उद्या पोराचा पहिला दिवस हाय. आज त्याला हे सांगू? हात कापतील त्याचे.”

“म्हणूनच आज सांगायचं.”

“आणि कंपनीला कळलं तर? दहा वर्षं घासली त्यानं. एका खेळण्यावरनं त्याचं पोट मारायचं? लोक काय म्हणतील ठाऊक हाय का? लग्न मोडलं, आता नोकरी मोडायला निघाली. उत्के, तुझी पहिलं येण्याची हौस काही फिटत न्हाय.”

मी म्हटले, “काकू त्या विमानात आहेत, दादा.”

तो म्हणाला, “म्हणून तर तो नीट उडवंल,” आणि बाहेर गेला. त्याने दार आपटले नाही, हळू लावले. मला तेच जास्त लागले. फोन तो करणार नाही.

आता मी काय करते आहे, ते ऐका. तुमच्या विमान कंपनीच्या संकेतस्थळावर सुरक्षा विभागाचा पत्ता आहे. तेथे कोणालाही लिहिता येते. मी एका पानाचे निवेदन तयार केले आहे. त्यात पहिल्या परिच्छेदात माझी चूक आहे, दुसऱ्यात ८ जूनची नोंद, तिसऱ्यात त्या विमान बनवणाऱ्यांचे उत्तर. अंगठीचा त्यात उल्लेख नाही. उद्याच्या उड्डाणाआधी कोणीतरी तुमच्यासमोर बसून, उत्तर न सांगता, तुम्हांला सतरावी ओळ विचारावी, एवढीच विनंती केली आहे. तुम्ही पाहून उत्तर दिलेत तर मी जगात हास्यास्पद ठरेन, आणि ते मला आनंदाने चालेल. दिले नाहीत तर उद्या तुम्ही त्या खुर्चीत नसाल, आणि तुमच्या आई परक्या वैमानिकाच्या विमानातून जातील. ते तुम्ही मला कधी क्षमा करणार नाही. तसे गृहीत धरूनच लिहिते आहे.

आधी हे पत्र तुम्हांला पाठवावे, तुम्ही स्वतःहून वरिष्ठांकडे जावे आणि निवेदनाची गरजच पडू नये, असे मला सकाळपासून वाटत होते. जेवताना लक्षात आले की हे पुन्हा तेच होईल: प्रश्न येण्याआधी तुमच्या कानात उत्तर सांगणे. म्हणून दोन्ही एकाच क्षणी जातील. एक तुम्हांला, एक त्यांना.

तो कागद फाडून टाका. त्यावरचे माझे अक्षर चांगले आहे, हे मला माहीत आहे. तरीही फाडा.

दीडच्या एसटीने काकू निघाल्या असतील. त्यांनी कानात कापूस घातला असेल, तर विमानात बसण्याआधी कोणीतरी तो काढायला सांगा. भोंगा वाजला तर तो ऐकू यायला हवा.

मी पडद्याकडे पाहिले आहे. दोन्ही पत्ते पुन्हा तपासले आहेत. बटण रंगवलेले नाही. बोट त्यावर आहे.

उत्कर्षा

पाठवले: शनिवार, १४ मार्च २०२६, दुपारी ३ वाजून १७ मिनिटे.